बॉनेटची बिजागरी आणि घाटावरचं लोखंड

गेले दोन-तीन विकेंड माझ्या डोक्यात ट्रकच्या बॉनेटच्या बिजागऱ्या फिरताहेत. हसू नका. पुण्यात बसून जावा लिहिणाऱ्या माणसाने बिजागऱ्यांवर मत मांडायचं म्हणजे जरा अतीच आहे, पण माझी डिग्री मेकॅनिकलची आहे (कॅम्पसला आयटीवाले आधी आले, पुढची कथा तुम्हाला ठाऊकच आहे). तर मत असं, की भंगारातून काढलेला पार्ट म्हणजे गरिबाचा जुगाड ही आपली शहरी समजूत साफ चुकीची आहे. योग्य पार्ट, योग्य जागी, जाणत्या हाताने बसवला तर ते सरळसरळ इंजिनिअरिंग असतं, आणि कधीकधी पुठ्ठ्याच्या खोक्यातून आलेल्या नव्याकोऱ्या पार्टपेक्षा सरस. गाडीचं आयुष्य आणि तिच्यातल्या एकेका पार्टचं आयुष्य ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गॅरेजवाल्यांना हे कळतं. आपल्या सरकारी धोरणांना अजून नीटसं कळलेलं नाही.

आता हे सगळं सुचलं कुठून ते सांगतो.

माझा मामा मालवणात असतो. त्याची एक छोटी ट्रक आहे. पूर्ण चपट्या तोंडाची नाही आणि लांब नाकाचीही नाही, मधलीच, अर्ध्या नाकाची. १९८६ साली टाटाने ४०७ आणली तेव्हापासून ह्या आकाराच्या गाड्या आपल्याकडे इतक्या रुळल्या की कोकणात अशी कुठलीही गाडी दिसली की लोक 'फोर नॉट सेव्हन' म्हणूनच मोकळे होतात. मामाची त्याच जातकुळीतली, सतरा वर्षांची. बंदरावरून बर्फात घातलेली मासळी उचलायची, कधी कोल्हापूर तर कधी बेळगाव गाठायचं, आणि जून-जुलैत मासेमारी बंद असते तेव्हा चिरे, वाळू, कोणाचं लग्नाचं सामान, जे मिळेल ते. घर ह्याच गाडीवर चालतं. माझ्या मामेबहिणीचं नर्सिंग ह्याच गाडीवर झालं. त्यामुळे 'मामा, आता नवीन घे ना' हे वाक्य आमच्या घरात कोणी सहज बोलत नाही.

मासळीच्या गाडीला खारटपणा दोन्हीकडून येतो. वरून समुद्राचं वारं, आतून बर्फाचं वितळलेलं खारं पाणी. लोखंड पाण्याने गंजतं एवढं आपण शाळेत शिकतो, पण मीठ नेमकं काय करतं ते शिकत नाही. वाऱ्याबरोबर मिठाचे बारीक कण येतात आणि पत्र्यावर, फटीत, बिजागरीच्या पोटात बसतात. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की साधं मीठ हवेतलं पाणी स्वतःकडे ओढून ओलं होतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराईडही असतं, ते तर ३३ टक्क्यांच्या आसपासच पाणी धरायला लागतं. म्हणजे मालवणात पाऊस नसताना, कडक उन्हातसुद्धा, बिजागरीच्या आत खाऱ्या पाण्याचा पातळ थर जवळजवळ बारा महिने असतो. वर पुसलेलं, चकचकीत, आणि आत काम चालूच. आयएसओ ९२२३ नावाचं एक मानक आहे, ते हवेच्या गंजवण्याच्या ताकदीचे सी१ ते सी५ आणि त्याच्याही वर सीएक्स असे वर्ग करतं. पुण्यातला माझा पार्किंग लॉट आणि दांडीच्या किनाऱ्यावरची मामाची पडवी ह्या दोन वेगळ्या ग्रहांवर आहेत म्हणा ना.

मालवणच्या माणसाला हे मी सांगायची गरज नाही म्हणा. राजकोटावर ४ डिसेंबर २०२३ ला, नौदल दिनी, शिवाजी महाराजांचा ३५ फुटी पुतळा उभा राहिला आणि २६ ऑगस्ट २०२४ ला तो कोसळला. कोसळण्याच्या काहीच दिवस आधी सार्वजनिक बांधकाम खात्याने लिहिलेल्या पत्रात नट-बोल्ट गंजत असल्याचा उल्लेख होता. कोणाचं चुकलं ह्यावर पुढे जे काय बोललं गेलं ते तुम्ही टीव्हीवर पाहिलंच असेल, मला त्यात शिरायचं नाही. पण नऊ महिन्यांच्या आत नट-बोल्टांची ही गत होऊ शकते अशी ती हवा आहे. मे २०२५ मध्ये तिथे नवा, ६० फुटी पुतळा उभा राहिला, त्याच्या आत स्टेनलेस स्टीलचा सांगाडा आहे. आणि समोर पाण्यात १६६४ साली बांधायला घेतलेला सिंधुदुर्ग, ज्याच्या पायात शिसं ओतलं होतं असं मालवणातलं शेंबडं पोरही सांगेल. शिसं खाऱ्या पाण्याला दाद देत नाही. त्या काळच्या माणसांना आयएसओ माहीत नव्हतं, पण जागा माहीत होती.

तर बॉनेट. मोठ्या ट्रकांना आजकाल बॉनेट नसतंच, अख्खी केबिन पुढे कलते. अर्ध्या नाकाच्या गाडीला मात्र असतं, आणि ते मागच्या बाजूला, काचेच्या खाली, दोन बिजागऱ्यांवर टांगलेलं असतं. पुढे लॉक. म्हणजे लॉक सुटलं की समोरचा वारा बॉनेटच्या खाली शिरतो आणि ते उचलून थेट काचेवर आपटतो. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गात वाढतो हे आठवत असेल, ताशी ४० ला जेवढा जोर त्याच्या चौपट ताशी ८० ला. पूर्वी मुंबई-गोवा हायवेवर सिंधुदुर्गात ट्रक ८० ने जायचा प्रश्नच नव्हता. हायवे चौपदरी झाला आणि ८० रोजचे झाले.

आपण सगळे लॉकवर लक्ष ठेवतो. बिजागरीकडे कोणी बघत नाही, कारण ती मागे असते, दिसत नाही, आणि ती तुटली तरी बॉनेट जागच्या जागी असल्यासारखं दिसतं. मी कागदावर हिशोब मांडला. बिजागरीची नळी, म्हणजे जिच्यात पिन फिरते ती, समजा ४ सेंटिमीटर लांब. भोक झिजून पिनला १ मिलिमीटर ढिलाई आली. बॉनेट ९० सेंटिमीटर लांब. दोन्ही बिजागऱ्या जागेवर असतील तर त्या एकमेकींना धरून ठेवतात आणि पुढच्या टोकाला जेमतेम एक-दोन मिलिमीटर फरक पडतो. लॉक तेवढं सांभाळून घेतं. पण एक बिजागरी पूर्ण तुटली की सगळा भार दुसरीवर, आणि तोच १ मिलिमीटर पुढच्या टोकाला नव्वद भागिले चार, म्हणजे २२ मिलिमीटर होतो. दोन सेंटिमीटरच्या वर! लॉकची जीभ खाचेत बसल्यासारखी वाटते आणि प्रत्यक्षात काठावर असते.

मामाचं नेमकं हेच झालं होतं. डावी बिजागरी गंजून पार तुटलेली, उजवी खिळखिळी, आणि वरून काथ्याची दोरी. कोकणात काथ्याच्या दोरीवर चालणाऱ्या गोष्टींची यादी मोठी आहे, तिच्यात एक बॉनेट वाढलं इतकंच. गेल्या डिसेंबरात पहाटे कसालच्या अलीकडे दोरी तुटली. बॉनेट उठलं आणि काचेवर येऊन बसलं. समोर एकदम काळोख. मामाने खिडकीतून डोकं बाहेर काढून गाडी कडेला घेतली. मागे कोणी नव्हतं म्हणून हे मी विनोदी अंगाने लिहू शकतोय. दोन मिनिटं आधी त्याच्या मागे एक शाळेच्या सहलीची बस होती, ती पुढे निघून गेली होती.

साहजिकच मी पुण्याहून फोनवर शहाणपण केलं, ओरिजिनल पार्ट घाला. चौकशी केली. एका पार्ट्सच्या दुकानात कळलं की त्या सालच्या मॉडेलची बिजागरी सुटी मिळत नाही, मागवावी लागेल, वेळ सांगता येत नाही. दुसऱ्या ठिकाणी सांगितलं की अख्खं बॉनेट असेंब्लीच बदला, बिजागऱ्या त्याच्यासोबत येतात. आपल्याला ही भाषा ओळखीची आहे. लॅपटॉपचं एक बटण तुटलं की अख्खा कीबोर्ड, कीबोर्ड गेला की वरचं अख्खं कव्हर. गाड्यांच्या बाबतीत भारतात ह्यावर मोठी लढाईही झालेली आहे. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपये दंड ठोकला होता, सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजवाल्यांपर्यंत पोचू देत नाहीत म्हणून. प्रकरण पुढे अपिलांत गेलं. त्यानंतर केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने 'दुरुस्तीचा हक्क' ह्या विषयावर जुलै २०२२ मध्ये समिती नेमली आणि त्याच डिसेंबरात एक पोर्टलही सुरू केलं, त्यात मोटारगाड्या हे एक क्षेत्र आहे. चांगलंच आहे. पण ती सगळी चर्चा 'कंपनीने मला पार्ट द्यावा' एवढ्याच भोवती फिरते. पार्ट दुसरीकडूनही येऊ शकतो, हे तिच्यात फारसं कुठे येत नाही.

आता मामाचे मिस्त्री. कणकवलीच्या बाजूला त्यांचं गॅरेज आहे, पत्र्याची शेड, एक वेल्डिंग मशीन, एक म्हातारं लेथ. मी जानेवारीत चार दिवस सुट्टी टाकून गेलो होतो तेव्हा तिथेच बसून होतो. नवीन पार्टचं पालुपद मी त्यांच्याकडेही लावलं. ते म्हणाले, "साहेबानू, नवी घेऊक माझा काय जाता? पण ती पण हयच येवन गंजतली."

ह्या वाक्यात सगळं आलं. कंपनीने बिजागरी अख्ख्या देशासाठी बनवली आहे. नागपूरला चालेल, जयपूरला चालेल, तिथे तिचं काहीही चुकत नाही. तिच्यावरचा रंग, पिनचं मटेरियल, फटीची मापं, सगळं सरासरी भारतासाठी. मालवण सरासरीत बसत नाही. नवी आणली तरी तीच गोष्ट काही वर्षांनी परत होणार. म्हणजे प्रश्न 'नवी की जुनी' हा नव्हताच, ह्या जागेसाठी कुठली, हा होता. आपल्या धंद्यात ह्याला रिक्वायरमेंट म्हणतात, आणि अर्धे प्रोजेक्ट तिथेच बोंबलतात.

मिस्त्रींनी जे केलं ते मी नीट लिहून काढतो, कारण मला ते फार आवडलं.

पहिली गोष्ट म्हणजे बिजागऱ्या. त्यांनी एका कापलेल्या बसच्या डिकीच्या, म्हणजे सामानाच्या कप्प्याच्या झाकणाच्या बिजागऱ्या काढल्या. जाड पात्याच्या, रुंद नळीच्या. बस सोलापूरकडची. ही अटच आहे त्यांची, कापायला घेतलेली गाडी किनाऱ्यावर चाललेली नको. "लोखंड घाटावरचाच होया." आमच्याकडे घाटावरच्या माणसाला नावं ठेवायची जुनी खोड आहे, पण लोखंड मात्र त्यांचंच हवं! पण विचार करा, हे किती बरोबर आहे. कोरड्या हवेत पंधरा वर्षं चाललेली बिजागरी म्हणजे पंधरा वर्षं चाचणी झालेली बिजागरी. जिच्यात ओतकामाचा दोष होता, वेल्डिंगला चीर होती, ती आधीच मोडून गेली. उरली ती टिकाऊ. शिवाय दोन्ही एकाच बसच्या, एकाच झाकणाच्या. डावी एका गाडीची, उजवी दुसऱ्या गाडीची असं केलं तर दोघींची झीज वेगवेगळी, आणि मग बॉनेट कायम एका अंगाला ओढलं जाणार. मिस्त्रींच्या शेडमध्ये बिजागऱ्यांच्या जोड्या तारेने एकत्र बांधून टांगलेल्या आहेत. जोडी फुटली की ती बिजागरी वजनावर विकायची, गाडीला लावायची नाही.

दुसरी गोष्ट पिन. जुन्या पिना त्यांनी फेकून दिल्या, कारण पिन हीच झिजायची आणि गंजायची जागा. नव्या पिना त्यांनी लेथवर केल्या, एका मच्छिमार बोटीच्या निकामी झालेल्या प्रोपेलर शाफ्टच्या तुकड्यातून. शाफ्ट स्टेनलेसचा. एका जागी झिजून खड्डा पडला की बोटीला तो चालत नाही, पण बाकी सगळा धड असतो, आणि समुद्रात फिरण्यासाठीच बनलेला असतो. मिस्त्रींनी चुंबक लावून बघितलं, चिकटला नाही. (चुंबकाची ही खूण अर्धवटच असते. ३०४ आणि ३१६ ह्या दोन्ही जातींना चुंबक लागत नाही, आणि खाऱ्या हवेला खरं तोंड देते ती ३१६. पण निदान स्वस्तातलं, चुंबकाला चिकटणारं स्टेनलेस तरी बाजूला पडतं.)

इथे माझ्यातला मेकॅनिकलवाला जागा झाला. साधं लोखंड आणि स्टेनलेस खाऱ्या पाण्यात एकमेकांना टेकले की त्यांची बॅटरी होते आणि लोखंड जास्त वेगाने झिजतं. मग स्टेनलेसची पिन लोखंडी बिजागरीत कशी चालेल? ह्याचं उत्तर क्षेत्रफळात आहे. स्टेनलेस थोडं आणि लोखंड भरपूर असेल तर झीज मोठ्या पृष्ठभागावर वाटली जाते, फारसं बिघडत नाही. उलट, स्टेनलेसच्या मोठ्या पत्र्यात लोखंडाचा बारका बोल्ट मारलात तर तो बोल्ट बघता बघता संपतो. सोसायटीच्या टेरेसवरच्या टाकीच्या स्टँडला हा प्रकार सर्रास बघायला मिळतो, कधी वर जाऊन बघा. तरीही मिस्त्रींनी जोखीम घेतली नाही. नळीत नायलॉनचा बुश घातला, म्हणजे पिन लोखंडाला थेट टेकतच नाही. बुशही एका जुन्या नायलॉनच्या दांड्यातून कातलेला. आणि भोक मुद्दाम किंचित सैल ठेवलं. मी विचारलं का, तर म्हणाले पावसात नायलॉन फुगतं. खरंच फुगतं, नायलॉन पाणी शोषून मापात वाढतं, हे मटेरियल सायन्सच्या पुस्तकात आहे. त्यांना ते पावसाळ्यात अडकलेल्या बिजागऱ्यांनी शिकवलं.

तिसरी गोष्ट, जिच्यात खरा कस लागतो ती, म्हणजे दोन्ही बिजागऱ्या एका रेषेत आणणं. दोन पिनांचा अक्ष एकच असला पाहिजे. केसभर तिरपं झालं तरी बॉनेट उघडताना बिजागरी पिळली जाते, आणि रोज पिळली की तुटते. कंपनीत ह्यासाठी जिग असतात. मिस्त्रींनी एक लांब, सरळ सळई घेतली आणि दोन्ही नळ्यांतून आरपार घातली. सळई आत असतानाच पाती जागेवर टेकवून वेल्डिंगचे टाके मारले, एक डावीकडे, एक उजवीकडे, परत डावीकडे, कारण एका बाजूने सलग वेल्ड केलं तर उष्णतेने लोखंड ओढलं जातं. मग थंड होऊ दिलं. सळई हाताने सुळ्ळकन बाहेर निघाली तेव्हा ते हसले. अडकली असती तर टाके तोडून परत सगळं. इतकी सोपी आणि इतकी कडक टेस्ट मी माझ्या आठ वर्षांच्या नोकरीत एकाही कोडबेसमध्ये पाहिलेली नाही.

शेवटी बसच्या बिजागरीचं पातं गाडीच्या चौकटीवर बसेना म्हणून मध्ये जाड पट्टीचा तुकडा घालून भोकं जुळवली, वेल्डवर झिंकचा प्रायमर मारला, ग्रीस भरलं, आणि पुढे दुसरा, सुरक्षेचा हूकसुद्धा बसवला, जो मामाच्या गाडीला कधीकाळी होता आणि कुठेतरी गळून पडला होता. मजुरीसकट दोन हजाराच्या आत काम झालं. एक पावसाळा उलटला आहे. काथ्याची दोरी आता नारळ बांधायला वापरतात.

हे कायद्यात बसतं का, असं माझ्या एका मित्राने लगेच विचारलं (तो कंप्लायन्समध्ये आहे, त्याचा नाइलाज आहे). बसतं. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातल्या तपशिलांशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही, आणि सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये ही गोष्ट चांगलीच कडक शब्दांत अधोरेखित केली. पण त्याच कलमात 'बदल' म्हणजे काय हेही सांगितलंय, गाडीचं मूळ वैशिष्ट्य बदलेल असा रचनेतला फरक. बिजागरी त्यात येत नाही. चॅसी वाढवणं, इंजिन बदलणं, बसचा ट्रक करणं ह्या वेगळ्या गोष्टी.

अडचण कायद्यापेक्षा धोरणात जास्त आहे. १३ ऑगस्ट २०२१ ला वाहन स्क्रॅप धोरण जाहीर झालं. त्याच्यावर सरसकट टीका करणाऱ्यांतला मी नाही. जुनी डिझेल गाडी धूर ओकते, ब्रेक जुने असतात, आणि धोरणात खाजगी मालकाच्या गाडीला केवळ वयावरून मोडीत काढलेलं नाही, फिटनेसवर भर आहे. (दिल्लीची गोष्ट वेगळी, आणि सरकारी गाड्यांना १५ वर्षांची मर्यादा एप्रिल २०२३ पासून आहेच.) आठ वर्षांवरच्या व्यावसायिक गाडीला दरवर्षी फिटनेस करून घ्यावं लागतं, तेही ठीक. मामाची मात्र तक्रार असते, "गाडयेचा वय कित्याक इचारतत? गाडी कशी आसा ता इचारा ना!" कारण १५ वर्षं ओलांडली की २०२१ च्याच अधिसूचनेने फिटनेसची फी भरमसाट वाढवली. मला त्याची तक्रार अर्धीच पटते. इंजिनाचं वय विचारलंच पाहिजे.

पण गाडी मेली म्हणजे बिजागरी मेली का? इथे धोरण गप्प बसतं. जानेवारी २०२५ मध्ये केंद्राने आयुष्य संपलेल्या वाहनांचे नवे नियम काढले, १ एप्रिल २०२५ पासून ते लागू झाले. कंपन्यांनी आपल्या जुन्या गाड्यांची जबाबदारी घ्यायची, हे तत्त्व त्यात आहे, आणि ते स्वागतार्हच आहे. मात्र ती जबाबदारी मोजली जाते परत मिळालेल्या पोलादाच्या वजनावर. म्हणजे सोलापूरच्या बसची ती जाड, पंधरा वर्षं पारखलेली बिजागरी त्या हिशोबात काहीशे ग्रॅम लोखंड. भट्टीत घाला, वितळवा, परत पत्रा करा, परत बिजागरी करा, रंगवा, खोक्यात घाला, मालवणला पाठवा. आणि ह्याला आपण रिसायकलिंग म्हणून टाळ्या वाजवतो. युरोपातल्या २००० सालच्या वाहन-निर्देशाने २०१५ पर्यंत गाडीच्या वजनाच्या ९५ टक्के भागाचा पुनर्वापर किंवा पुनर्प्राप्ती, असं लक्ष्य ठेवलं होतं आणि त्यात आहे तो पार्ट तसाच परत वापरणं हेही धरलं होतं. तिथेही शेवटी मोजमाप वजनाचंच, पण निदान तो शब्द तरी आत आहे.

ह्यावर दोन आक्षेप येतात आणि दोन्ही वजनदार आहेत. पहिला चोरीचा. भंगारबाजार म्हटलं की आपल्याला आधी चोरीची गाडी आठवते. पण मग नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रांसारखी चांगली जागा कुठली? गाडी घेण्याआधी तिची कागदपत्रं वाहन प्रणालीत तपासायची, चोरीच्या गाड्यांच्या नोंदींशी ताडून बघायची, हे त्यांच्यावर बंधनच आहे. ज्या पार्टचा जन्मदाखला स्वच्छ आहे तो विकायला ह्याहून योग्य जागा मला तरी सुचत नाही. आज मिस्त्री ओळखीच्या माणसाकडून माल घेतात, कारण कागद मिळायची सोयच नाही.

दुसरा आक्षेप सुरक्षेचा, आणि तिथे मी मिस्त्रींपेक्षा जास्त सैल नाही. त्यांच्या शेडच्या मागे गॅस कटरने दोन तुकडे केलेले स्टिअरिंगचे दांडे आणि बॉल जॉइंट पडलेले असतात. बरेचसे दिसायला अगदी धड. मी विचारलं, हे का कापता? "हो तुकडो परत कोणाच्या गाडयेक लागूक नये." ब्रेक, स्टिअरिंग, त्याचे जोड, हे पार्ट आतून थकतात आणि बाहेरून दिसत नाहीत. बिजागरी, खिडकीची यंत्रणा, आरसा, सीटची चौकट, दाराचं हँडल, बंपर, ह्यांची झीज डोळ्यांना दिसते, हाताला लागते, आणि बसवल्यावर तपासता येते. रेघ इथे मारायची. कोणी म्हणेल ही रेघ मारायला तज्ज्ञांची समिती हवी. नेमा की. पण पहिला मसुदा कणकवलीला गॅस कटरने लिहून ठेवलेला आहे, तो एकदा बघून या.

माझी मागणी तशी छोटीच आहे. स्क्रॅप केंद्रात गाडी कापण्याआधी असे दिसणारे, तपासता येणारे पार्ट जोडीने काढायचे, तारेने बांधायचे, त्यांना एक टॅग लावायचा आणि काउंटरवर पावतीसकट विकायचे. कंपनीच्या जबाबदारीच्या हिशोबात असा पार्ट वितळवलेल्या पोलादापेक्षा जास्त गुणांचा धरायचा, म्हणजे केंद्रवाल्यालाही तो काढायची उमेद राहील. टॅगवर गाडीचं मॉडेल, साल, आणि ती आयुष्यभर कुठल्या आरटीओत होती ते. हे शेवटचं मिस्त्रींनी सुचवलं. टॅगवर एमएच-१३ दिसलं की ती जोडी ते तिथल्या तिथे उचलतील, सांगलीची एमएच-१० असली तरी चालेल. आपल्याच जिल्ह्याची एमएच-०७ असली तर मात्र फुकट दिली तरी नको.